‘काय पाहिजे?’ हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तालुक्याच्या गावातलं, शासनाच्या वर्गवारीत ब वर्गाचं वाचनालय, तुम्ही ग्रंथपाल, हाताखाली एक लिपिक आणि एक शिपाई. अकरा वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आईबरोबर आला. कानांवर हात ठेवून त्याने बालविभागात दोन फेऱ्या मारल्या, एका सुरात गुणगुणत राहिला, मग मासिकांचा गठ्ठा खाली घेऊन फरशीवर रांगा लावत बसला. पेपर वाचायला येणाऱ्या एका ज्येष्ठ सभासदांनी तक्रार केली. कार्यकारी मंडळातल्या कुणीतरी तोडगा काढला, ‘आईला सभासद करा, पुस्तकं ती घरी नेईल, मुलाला आणायची काय गरज?’ आणि तुम्ही विचारताय, अशा मुलांसाठी वेगळी खोली करावी का, खर्च किती येईल, प्रशिक्षण कुठे मिळेल.

खोलीचं शेवटी बोलू. आधी त्या दिवशी झालं काय ते बघू. मुलाने कानांवर हात ठेवले, म्हणजे तिथलं काहीतरी त्याला बोचत होतं. त्याने रांगा कशा लावल्या ते तुम्ही ओघात लिहून गेलात: वर्ष आणि महिना बघून. अहो, हे तर आपलं काम! तुमच्या बालविभागातली मासिकं क्रमाने नव्हती आणि ती कुणीतरी लावली, एवढंच घडलं. तेव्हा ‘या मुलाला गप्प कसं बसवायचं’ हा प्रश्न बाजूला ठेवू. आपल्या वाचनालयात काय बोचतं आणि आपण कोणत्या गोष्टी न सांगताच गृहीत धरतो, हे शोधायचं आहे. माझा अनुभव असा की अडचण बहुतेक वेळा या न सांगितलेल्या गोष्टींतच असते.

मी डॉक्टर नाही, विशेष शिक्षकही नाही. जिल्ह्याच्या गावात बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे बसतोय. गेल्या दहाएक वर्षांत आमच्याकडे सात-आठ स्वमग्न वाचक टिकले, त्यातले तिघे प्रौढ. त्या सात-आठ जणांतही एकासारखा दुसरा नाही. एकजण शब्द बोलत नाही पण इंग्रजी-मराठी दोन्ही वाचतो. एकजण इतकं बोलतो की थांबवावं लागतं. म्हणून मी सांगतो ते सगळं तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही. इमारत कशी आहे, रस्ता किती जवळ आहे, आई किंवा वडील सोबत थांबतात का, यावर बरंच ठरतं.

माझी चूक आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात मी कार्यक्रम ठेवला. फुगे, माइक, पाहुणे, दीपप्रज्वलन, हारतुरे, सगळं. चार कुटुंबं आली. माइकने शिट्टी मारली आणि एक मुलगा टेबलाखाली गेला. मग एक फुगा फुटला. दहाव्या मिनिटाला ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ती चारही मुलं फाटकाबाहेर होती आणि आत पाहुण्यांचं भाषण चालू होतं, समावेशनावर. एका आईने जाताना मला एवढंच विचारलं, ‘एरवी कोणत्या वेळी गर्दी नसते?’ कार्यक्रम करण्याआधी मीच तिला हे विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. वही घेऊन बालविभागात जमिनीवर बसा, मुलाच्या उंचीवर. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. जे ऐकू येतं, दिसतं, वास येतो ते लिहा. माझ्या वहीत पहिल्या दिवशी आलं ते असं: पंख्याची टकटक, शहाबादी फरशीवर लोखंडी खुर्ची ओढल्याचा किरकिराट, लोखंडी कपाटाचं दार, टेबलावर तारखेचा शिक्का, शिपायाच्या मोबाइलची रिंगटोन, आणि डांबरगोळ्यांचा वास. हा वास मला वीस मिनिटांनी जाणवला, कारण नाकाला सवय झालेली. ‘शांतता राखा’ ही पाटी या सगळ्याच्या वर टांगलेली होती!

यातलं बरंच स्वस्तात सुटतं. खुर्च्यांच्या पायांना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी रबरी बुचं बसवली. पंख्याला तेल दिलं, एका पंख्याचं पातं वाकलं होतं ते बदललं. डांबरगोळ्या बालविभागातून पूर्ण काढल्या आणि कपाटं महिन्यातून एकदा रिकामी करून झाडायला सुरुवात केली. शिपायाची कुरकुर झाली, पण त्यात पुस्तकं खाणारी कसरही आधीपेक्षा लवकर सापडते.

दिव्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे जुन्या चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेज होते. बहुतेकांना ते दिसत नाही. काही स्वमग्न लोकांना ते जाणवतं, असं ते स्वतः सांगतात. शिवाय चोकची घूंघूं वेगळीच. एलईडी लावली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही, हलक्या प्रतीच्या एलईडीही लुकलुकतात. दुकानात ट्यूब लावून दाखवायला सांगा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून तिच्याकडे बघा, पट्टे सरकताना दिसले तर दुसरी मागा. आम्ही बालविभागाच्या दोनच ट्यूब बदलल्या आणि खिडकीजवळचा दिवा वेगळ्या बटणावर घेतला. दिवसा तो बंदच असतो.

पण यादीतली प्रत्येक गोष्ट काढून टाकायची घाई करू नका. शिक्क्याचा आवाज त्रासदायक असणार असं ठरवून मी तो हळू मारायला लागलो. आमचा एक वाचक, तेव्हा नऊ वर्षांचा, दोन दिवस अस्वस्थ. आईने उलगडा केला: तो त्या ‘ठप्प’साठीच येतो. आता तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का तोच मारतो, तारीख बघून, सरळ, माझ्यापेक्षा नीट. एकाला जे बोचतं ते दुसऱ्याला हवंसं असतं. त्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा विचारलेलं बरं.

आता टेबलाबद्दल. आपल्याकडे अजून कितीतरी वाचनालयांत कपाटं आत आणि वाचक बाहेर. वाचकाने टेबलाशी यायचं, मागे रांग, आणि आपण विचारणार, ‘काय पाहिजे?’ अनोळखी माणूस डोळ्यात बघतोय, उत्तर मोकळं, शक्यता हजार, आणि मागून कुणीतरी खाकरतंय. चांगल्या वाचकाचीही इथे त्रेधा उडते. आमचे एक स्वमग्न सभासद, वय सव्वीस, दोन वर्षं टेबलावरचं सगळ्यात वरचं पुस्तक उचलून नेत. आम्ही समजत होतो, यांना काहीही चालतं. बालविभागापाठोपाठ एक कपाट मोठ्यांसाठी उघडं ठेवलं, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी किल्ल्यांवरची तीन पुस्तकं काढली.

तेव्हा जमेल तेवढा विभाग खुला करा. नाहीच जमलं तर प्रश्न बदला. दोन पुस्तकं समोर ठेवून ‘हे की हे?’ विचारा. किंवा चित्रांचा एक तक्ता करा: गोष्ट, प्राणी, गाड्या, विनोद, तारे, बोट ठेवलं की झालं. विचारल्यावर मनात दहा अंक मोजा आणि मगच पुन्हा विचारा. दहा अंक फार लांब वाटतात, पण उत्तर बऱ्याचदा सातव्या-आठव्या अंकाला येतं आणि आपण तिसऱ्यालाच प्रश्न बदलून बोलून टाकलेलं असतं. काही मुलं मोबाइल किंवा टॅबवरची चित्रं दाबून बोलतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे असं मोफत ॲप मराठीतही चालतं. मुलाने टॅब पुढे केला तर ते त्याचं बोलणं समजा, ‘आधी तो बाजूला ठेव’ म्हणू नका.

बोलताना आईशी नाही, त्याच्याशी बोला. तो तुमच्याकडे बघत नसला तरी ऐकत असतो. आणि प्रौढ वाचकाला ‘अहो’ म्हणा. त्या सव्वीस वर्षांच्या सभासदांना आमचा लिपिक ‘काय बाळा’ म्हणायचा, प्रेमानेच. मी त्याला विचारलं, त्यांच्याच वयाचे तलाठी येतात त्यांना तू बाळा म्हणतोस का? तेव्हापासून बंद झालं.

आपली मराठीही इथे आडवी येते. ‘बघू’ म्हणजे नाही, ‘येतो’ म्हणजे निघालो, ‘दोन मिनिटं थांब’ म्हणजे कितीही वेळ. हे आपण कुणाला शिकवत नाही, ते आपोआप कळतं असं धरून चालतो. एकदा मी एका मुलाला म्हणालो, ‘पाच मिनिटांत देतो.’ तो भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन उभा राहिला. पाच मिनिटं झाली, मी फोनवर. सहाव्या मिनिटाला तो हात झटकायला लागला, सातव्याला ओरडला. लोक म्हणाले, अचानक बिथरला. अचानक काय? घड्याळ त्याच्यासमोर होतं आणि शब्द मी मोडला होता. आता मी सांगतो, ‘आधी या दोन काकूंची पुस्तकं, मग तुझं.’ हे त्याला डोळ्यांनी दिसतं आणि मला पाळता येतं.

याच कारणाने आम्ही एक पुस्तिका केली. वाचनालयात जाणं म्हणजे काय काय, ते फोटोंतून. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने १९९० च्या सुमारास स्वमग्न मुलांसाठी ‘सोशल स्टोरी’ नावाची पद्धत मांडली, तिचं हे ढोबळ रूप म्हणा. दहा फोटो, प्रत्येकाखाली एक-दोन वाक्यं. नमुना देतो:

‘हे वाचनालयाचं निळं फाटक. चपला डाव्या हाताच्या मांडणीत ठेवतात.’
‘इथे काका बसतात. ते माझं कार्ड बघतात. मी बोललो नाही तरी चालतं.’
‘इथे मी दोन पुस्तकं निवडू शकतो.’
‘कधी कधी वीज जाते. पंखा बंद होतो. मी खिडकीजवळ बसू शकतो किंवा घरी जाऊ शकतो.’

फोटो तुमच्याच वाचनालयाचे हवेत, इंटरनेटवरचे नकोत. वाक्यात ‘नेहमी’ लिहू नका. ‘बहुतेक वेळा’ लिहा, कारण ‘नेहमी’ हा शब्द तुम्हाला पाळावा लागेल. आमचे शिपाई निवृत्त झाले आणि पुस्तिकेत त्यांचाच फोटो राहिला. एक मुलगी पंधरा दिवस त्यांना शोधत होती. माणूस बदलला की फोटो त्याच आठवड्यात बदला. पुस्तिकेची पीडीएफ व्हॉट्सॲपवर द्या, म्हणजे घरून निघण्याआधी बघून होते. रोजचा क्रम मोडणार असेल, म्हणजे ग्रंथ पडताळणी, वार्षिक सभा, गणपतीत समोर मांडव, तर आदल्या दिवशी पालकांना एक ओळ पाठवा. यावर महिन्याला माझी दहा मिनिटंसुद्धा जात नाहीत.

‘शांतता राखा’च्या पाटीचंही तसंच. शांतता म्हणजे काय करायचं, ते ती सांगत नाही. आमच्याकडे आता लिहिलंय: ‘इथे हळू आवाजात बोलतात. फोन बाहेर जाऊन घेतात. जोरात वाचायचं असेल तर व्हरांड्यात बाक आहे.’ याचा सगळ्यात जास्त फायदा फोनवाल्या मंडळींना झाला!

तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांचं काय? त्यांना मुलाचं निदान सांगू नका, ते सांगायचा आपल्याला अधिकार नाही. सभासदत्वाच्या अर्जातही निदान किंवा दाखला मागू नका. ‘आमच्याकडून काही मदत हवी आहे का?’ एवढी एक ओळ अर्जात घाला, सगळ्यांसाठी. ज्येष्ठांना मी चहाला बोलावलं आणि म्हटलं, ‘तो गुणगुणतो, तुम्ही अग्रलेख ओठात वाचता, दोघेही माझे वाचक.’ हसले. सगळेच हसत नाहीत, एकांनी वर्गणी बंद केली. नियम मात्र सगळ्यांना एकच ठेवा: कुणाला इजा होत असेल, पुस्तक फाटत असेल किंवा बराच वेळ मोठा आवाज चालला असेल तरच मध्ये पडायचं. हात हलवणं, झुलणं, गुणगुणणं, फेऱ्या मारणं यात मध्ये पडण्यासारखं काही नाही.

आणि खरंच कुणी कोलमडलं, रडारड, किंचाळणं, डोकं आपटणं, तर? तो हट्ट समजू नका, सोसण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. जवळचा दिवा आणि शक्य असेल तर पंखा बंद करा. बघ्यांना तुम्ही हलवा, त्याला हलवू नका. विचारल्याशिवाय हात लावू नका. एकच माणूस बोलेल, तोही कमी. कुणी मोबाइल काढला तर खाली करायला लावा. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी किंवा घडी केलेली सतरंजी धरा. आईला ‘काय झालं?’ न विचारता ‘मी काय करू?’ विचारा. आमच्याकडे दहा वर्षांत तीनदा असं झालं, सगळ्यात लांबलं ते वीस मिनिटं.

मला जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. काही मुलं एकदम धूम ठोकतात. आमच्या फाटकाबाहेर एसटी स्टँडचा रस्ता आहे. म्हणून फाटकाला मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर कडी बसवली, आणि शांत वेळेत शिपायाची खुर्ची दारापाशी असते. आगीच्या वेळी दार अडायला नको, म्हणून कुलूप मात्र कधीच नाही. तुमची इमारत रस्त्याला लागून असेल तर सगळ्यात आधी हे करा.

शांत वेळेचं सांगतो. आमची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते आठ. सकाळी पेपरवाले असतात. बुधवारी चार ते पाच ‘शांत तास’ ठेवला: निम्मे दिवे, फोन बंद, शिक्के-बिक्के नंतर. यायला कुणालाही मोकळीक आहे, आणि स्वमग्न वाचकांनी याच वेळी यावं असं आम्ही कधी म्हणत नाही. तसं म्हटलं की तो तास त्यांच्यासाठी आणि बाकीचे सगळे दुसऱ्यांसाठी, अशी वाटणी होते.

पुस्तकांबद्दल एकच गंमत. आमच्या एका मुलाला रेल्वेचं वेड. पुस्तकांना विषयाप्रमाणे अंक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात रेल्वे वाहतूक ३८५ मध्ये, रूळ ६२५.१ मध्ये आणि इंजिनं-डबे ६२५.२ मध्ये. तो रोज ३८५ मधलं एक पुस्तक उचलून ६२५ मध्ये नेऊन ठेवायचा. लिपिक वैतागायचा, मी रोज परत लावायचो. सहा महिन्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की वाचकाचं बरोबर आहे. आता बालविभागात ‘आगगाड्या’ असा एकच खण आहे आणि मोठ्यांच्या विभागात दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता सांगणारी पाटी. आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असं लिहून ठेवलंय, ते आम्हाला त्या मुलाने करायला लावलं. आणि हो, एकच पुस्तक कुणी अकराव्यांदा नेत असेल तर नेऊ द्या. दुसऱ्याची मागणी नसेल तर नूतनीकरणाच्या मर्यादेवर अडून बसू नका.

मंडळाला कसं पटवायचं? १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळणाऱ्या अनुदानात पगार, पुस्तकं आणि वीजबिल भागवता भागवता काय उरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मोठा प्रस्ताव नेऊ नका. रबरी बुचं, दोन ट्यूब, पुस्तिकेची छपाई, कडी, एवढ्याची यादी न्या. किरकोळ खर्चात बसते. कायदा खिशात असू द्या. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस आहेत आणि ती आहे. त्यामुळे ‘आईने पुस्तकं न्यावीत’ हा तोडगा ठरावात लिहायची वेळ आली तर मंडळातले वकील स्वतःच थांबतील. पण सुरुवात कायद्याने केली की माणसं हट्टाला पेटतात, असा माझा अनुभव आहे.

प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जायची गरज नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या विशेष शिक्षिकेला, दोन पालकांना आणि मिळाला तर एखाद्या प्रौढ स्वमग्न व्यक्तीला बोलावा, फाटकापासून टेबलापर्यंत चालायला सांगा आणि तुम्ही मागून टिपत जा. त्या प्रौढ व्यक्तीला मानधन द्या, थोडं का होईना. आमच्याकडे ट्यूबची घूंघूं त्यांनीच दाखवली.

आता खोली. करू नका. आम्ही केली होती. सहा महिन्यांत तिथे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आले, वर्षाने मोडक्या खुर्च्या. त्याऐवजी दोन कपाटांच्या मध्ये एक कोपरा करा: पाठीला भिंत, वर दिवा नाही, एक खुर्ची, एक सतरंजी, आणि बसल्या जागेवरून दार दिसेल असा. तिथून मुलगा इतर वाचक बघू शकतो आणि वाटलं तर त्यांच्यात येऊ शकतो.

आधी फाटकाची कडी आणि वही घेऊन जमिनीवर बसणं. मग आईला फोन: त्याला काय बोचलं, काय आवडलं, कोणती वेळ सोयीची. सभासदत्व मुलाच्याच नावाने करा, इतरांएवढ्याच अनामतीवर. पुस्तिका पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल. त्या मासिकांच्या रांगा शिपायाने अजून उचलल्या नसतील तर आज त्यांचा फोटो काढून घ्या आणि त्याच क्रमाने खणात लावा. पुढच्या वेळी तो आला की खण कुठला ते त्याला दाखवा. आणि मधले कोणते अंक नाहीत, तेही त्याला विचारून बघा, बहुधा त्याला आठवत असेल.